पूर्वीचा अंमल परत बसविताना

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यानजीक मराठ्यांच्या एकवटलेल्या फौजांनी निजामअलीखानाच्या सैन्याचा मोड केला, आणि निंबाळकरांनी बांधलेल्या तेथील भुईकोट किल्ल्याच्या आश्रयास गेलेल्या निजामास अखेर तहास कबूल व्हावे लागले, ही हकीकत महाराष्ट्रातील बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक असते. परंतु त्या तहाचे पुढे काय झाले असे विचारले, तर इतिहासाची आवड असणारा मनुष्यही क्षणभर थबकतो. दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख, तीन कोटींच्या घरातील रक्कम आणि खुद्द दिवाण मशीरुल्मुल्क यांस मराठ्यांच्या हवाली करण्याचे निजामाने मान्य केले होते. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडून निवर्तले, गादीच्या वारसाविषयी कारस्थानांना ऊत आला, आणि त्या धुमाळीत निजामाचे साहाय्य संपादन करण्याकरिता नाना फडणविसांनी १७९६ च्या ऑक्टोबरात महाड येथे जो करार केला, त्यात खर्ड्यास मिळविलेला मुलूख परत देण्याचे आणि येणे राहिलेली रक्कम सोडून देण्याचे ठरले. दोन वर्षे पुरी होण्याच्या आत एक अंमल उठला, दुसरा बसला, आणि पुन्हा पहिलाच बसविण्याची लेखी कबुली झाली.

असा उलटा फेर घडवून आणण्यास तलवारीपेक्षा दफ्तर अधिक लागते. कोणता महाल कोणाकडे होता, त्याचा वसूल किती, त्यात इनामे कोणाची, वहिवाट कोणत्या रिवाजाने चालत आली, हे कोठेतरी रुजू असेल तरच परत देण्याच्या करारास अर्थ येतो. नाहीतर परत द्यावयाचे ते काय, याचाच निवाडा होत नाही. खर्ड्याच्या मोहिमेविषयी आज आपण जे इतक्या तपशिलाने बोलू शकतो, तेही पटवर्धनी दफ्तर वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापून काढले आणि पेशवे दफ्तरातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसायांनी ४५ खंडांत प्रसिद्ध केले म्हणून. संगणकावर मुळात असलेली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे त्या यंत्राचा सर्व कारभार पाहणारी प्रणाली, काढून तिच्या जागी दुसरी घातल्यानंतर पहिली पुनश्च बसविण्याचा जो उद्योग गेली पंचवीस-तीस वर्षे आपल्या तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांतून चालत आला आहे, त्याचा वृत्तांत लिहावयास बसले की दफ्तराची हीच गोष्ट पदोपदी आडवी येते. या उद्योगाची बखर अद्याप कोणी लिहिलेली नाही. आणि तो करणारे हात तर आपल्या समाजात अगदीच अनामिक राहिले आहेत.

प्रथम यंत्राची रीत सांगितली पाहिजे. संगणकास वीज मिळाली की मुख्य फलकावरील एका चिपमध्ये कायमचा लिहून ठेवलेला छोटासा कार्यक्रम जागा होतो, स्मृती, कळफलक, हार्ड डिस्क इत्यादी आपापल्या जागी हजर आहेत की नाहीत हे पाहतो, आणि नंतर डिस्कच्या अगदी पहिल्या खंडात काय लिहिले आहे ते वाचतो. आयबीएमने १९८३ साली हार्ड डिस्कसह एक्सटी नावाचे यंत्र विक्रीस काढले तेव्हापासून जी रचना रूढ झाली, तीत हा पहिला खंड अवघ्या ५१२ बाइटांचा असे: त्यांपैकी ४४६ बाइट आरंभीच्या सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीच्या तक्त्यासाठी, आणि अखेरचे दोन केवळ खुणेसाठी. एखाद्या परगण्याचा सारा व्यवहार ज्या एका सनदेवर अवलंबून असावा, तसा अब्जावधी बाइटांच्या डिस्कचा व्यवहार या मूठभर जागेवर अवलंबून असतो. आणि दोन प्रणालींमधील सारा तंटा मुख्यतः या जागेचा ताबा कोणाकडे असावा याचाच असतो.

त्यापूर्वीच्या यंत्रांत हा तंटाच नव्हता. मायक्रोसॉफ्टची डॉस ही प्रणाली फ्लॉपीवर येई. सकाळी यंत्रात फ्लॉपी घातली की तिचा अंमल सुरू होई, आणि फ्लॉपी बदलली की अंमल बदले. मूळ प्रणाली परत आणणे म्हणजे पहिली फ्लॉपी पुन्हा आत सरकविणे, यापलीकडे त्यात विद्या नव्हती. हार्ड डिस्क आल्यावर मात्र प्रणाली यंत्रातच घर करून राहू लागली, आणि जी वस्तू घर करून राहते तिला बाहेर काढणे व परत आत घेणे या दोहोंचे शास्त्र तयार होऊ लागते. १९९१ साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीत फडिस्क या कार्यक्रमास एक अधिक शब्द जोडून पहिल्या खंडातील सूचना पूर्ववत लिहिण्याची सोय झाली. ती पुस्तिकेत छापलेली नव्हती, तरी दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडोतोंडी ती देशभर गेली. विंडोज एक्सपीत हेच काम ‘फिक्सएमबीआर’ या आज्ञेने होई, आणि व्हिस्टापासून ‘बूटरेक’ने. तालुक्याच्या गावातील ज्या मुलाला इंग्रजी वर्तमानपत्र धडपणे वाचता येत नसे, तोही या आज्ञा न चुकता टंकित करी, हे मी या विद्येच्या प्रसाराचे मोठे लक्षण समजतो.

लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला, आणि रिचर्ड स्टॉलमनने १९८३ पासून आरंभलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने त्यास जोडली जाऊन एक संपूर्ण, विनामूल्य आणि कोणासही बदलता येईल अशी प्रणाली जगापुढे आली. तिच्याबरोबर लिलो आणि पुढे ग्रब हे द्वारपालही आले. यंत्र सुरू होताच पडद्यावर यादी मांडावयाची, कोणती प्रणाली हवी ते धन्यास विचारावयाचे, आणि सांगितले त्याच्या हाती कारभार द्यावयाचा, हे त्यांचे काम. लिनक्स आणि विंडोज या दोन पक्षांच्या वर्तनात एक भेद होता. लिनक्स बसविताना ती पूर्वीच्या विंडोजला यादीत स्थान देई. विंडोज बसविताना मात्र ती पहिल्या खंडावर स्वतःच्या सूचना लिहून मोकळी होई आणि शेजारी दुसरे कोणी नांदत आहे याची दखल घेत नसे. म्हणून आधी विंडोज आणि मागाहून लिनक्स असा क्रम जाणत्यांनी ठरवून दिला.

परत फिरताना जो अपघात सर्वांत अधिक वेळा घडला, तो असा. हौसेने लिनक्स घातलेला विद्यार्थी काही महिन्यांनी कंटाळतो. विंडोजमध्ये जाऊन डिस्कच्या वाटणीच्या पडद्यावरून लिनक्सचा भाग पुसून टाकतो. जागा मोकळी झाल्याच्या समाधानात यंत्र बंद करतो. आणि दुसऱ्या दिवशी सुरू करतो तो काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढीच अक्षरे. द्वारपालाच्या सूचनांचा आरंभ पहिल्या खंडात असतो, पण त्याचे उरलेले अंग लिनक्सच्या भागात राहते. तो भाग गेला, म्हणजे द्वारपाल उभा आहे पण त्यास वाट ठाऊक नाही, अशी अवस्था होते. वस्तुतः विंडोजचा एकही कागद या प्रकारात हललेला नसतो. परंतु हे न जाणणारा मनुष्य घाबरून यंत्र दुकानात नेतो, आणि दुकानदार उतावळा असला तर सगळी डिस्क पुसून नवी विंडोज घालतो. दोन मिनिटांच्या आज्ञेने जे साधले असते त्यासाठी वर्षांची छायाचित्रे, हिशेब आणि लेखन बळी पडते. सावध दुकानदार व उतावळा दुकानदार यांतील अंतर मला या सर्व इतिहासात अत्यंत महत्त्वाचे वाटते.

या दुकानांचा उदय कसा झाला? २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली, एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून सुरू झाला, आणि शासकीय नोकरांस ती परीक्षा आवश्यक ठरल्यामुळे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, कारकून अशा सहस्रावधी लोकांनी आयुष्यात प्रथमच माउस हातात धरला. जे शिकले ते विंडोजवर शिकले. म्हणून घरी संगणक घेतला तोही विंडोजचाच. खर्ड्यासारख्या गावातील मनुष्याची यंत्र घेण्याची वाट जामखेड, बार्शी किंवा नगर या पेठांतून जाई. तेथे सुटे भाग जोडून तयार केलेले, ज्यास लोक ‘असेंबल’ म्हणत, असे यंत्र मिळे. त्यावरील विंडोज बहुधा विकत घेतलेली नसून कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या सामुदायिक परवान्याची नक्कल असे. हे कायद्याच्या विरुद्ध होते, यात शंका नाही. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे की, शेतमालाच्या भावावर संसार चालविणाऱ्या कुटुंबाने यंत्रासाठीच कर्ज काढलेले असता प्रणालीची वेगळी किंमत देणे त्यास शक्य नव्हते, आणि दुकानदारही ती मागत नसे.

भारनियमनाचा तो काळ. दिवसातून कित्येक तास वीज नसे, आणि जाई ती पूर्वसूचनेवाचून जाई. लिहिणे चालू असता डिस्कचा पुरवठा तुटला की प्रणालीचे कागद अर्धवट राहत, आणि यंत्र पुन्हा उभे राहत नसे. त्यात पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसची भर. अशा यंत्रास दुकानात नेऊन नवी विंडोज घालून आणणे, याला सर्वत्र ‘फॉरमॅट मारणे’ असे म्हणत. आणि हा प्रकार इतका नित्याचा झाला की वर्षातून एक-दोनदा फॉरमॅट मारल्याशिवाय संगणक चालतच नाही, अशी लोकांची समजूत होऊन बसली. दुकानातील कारागिराजवळ सीडींचे एक पाकीट असे: एक विंडोजची, एक ऑफिसची, एक अँटीव्हायरसची, आणि उरलेल्या निरनिराळ्या मदरबोर्डांच्या ड्रायव्हरांच्या. ड्रायव्हराची सीडी गहाळ झाली म्हणजे यंत्र उभे राहूनही मुके आणि अंधुक राही. आवाज येत नसे, पडद्याची अक्षरे बेढब दिसत. म्हणून चांगला कारागीर फॉरमॅटपूर्वी ड्रायव्हर काढून ठेवी. ग्राहकाची कागदपत्रे सी ड्राइव्हवर न ठेवता डी ड्राइव्हवर ठेवण्याची जी शिस्त या लोकांनी घराघरांत घालून दिली, ती कोणत्याही शासकीय आदेशावाचून रूढ झाली, आणि तिने किती लेखन वाचले असेल याची मोजदाद नाही.

मराठी लिहिणाऱ्यांस या फेऱ्यांचा विशेष जाच होई, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकची आयएसएम अशा अनेक पद्धती एकाच वेळी नांदत होत्या. प्रत्येकीत अक्षरास निराळा सांकेतिक क्रमांक, आणि फाँट यंत्रात नसला तर लग्नपत्रिकेपासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत सर्व मजकूर अगम्य रोमन चिन्हांचा ढीग होऊन दिसे. फॉरमॅटनंतर विंडोज परत येई, पण हे फाँट परत येत नसत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीस तर संगणकाच्या पाठीमागे एक डाँगल, म्हणजे कुलपासारखा तुकडा, लावावा लागे. तो असला तरच ती चाले. एक्सपीत विंडोजच्या स्वतःच्या देवनागरीची सोय होती, परंतु ती मुळात बंद असे. प्रादेशिक भाषांच्या पडद्यावर एका चौकटीत खूण करून पुन्हा विंडोजची सीडी आत घालावी लागे, तेव्हा कोठे जोडाक्षरे नीट जुळत. ज्या कारागिरास हे ठाऊक नसे त्याने परत बसविलेल्या यंत्रावर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ फुटून पडत.

त्या देवनागरीचे अक्षररूप मंगल हे. आणि ते घडविले रघुनाथ कृष्ण जोशी या कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या, सुलेखन आणि अक्षरविद्या यांस आयुष्य वाहिलेल्या मराठी कलावंताने. विंडोज २००० पासून हा फाँट प्रणालीबरोबरच येऊ लागला. म्हणजे जामखेडच्या दुकानात मूळ विंडोज पुन्हा बसविली जाई तेव्हा, कारागिराच्या ध्यानीमनी नसता, र. कृ. जोशी यांचे अक्षरही पुन्हा बसविले जाई. आपल्या एका माणसाचे काम असे कोट्यवधी यंत्रांत निमूटपणे नांदत असावे, याचा अभिमान मराठी वाचकाने अवश्य बाळगावा.

लिनक्स आपल्या भागात आली ती मासिकांच्या आणि टपालाच्या वाटेने. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर तिच्या सीडी मिळत. पुढे २००४ साली उबुंटू निघाली आणि तिच्या प्रवर्तकांनी मागेल त्यास सीडी घरपोच व विनामूल्य पाठविण्याची योजना काढली, ती २०११ पर्यंत चालली. परदेशातून आलेले ते पाकीट अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांच्या वसतिगृहांत हातोहात फिरे. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय लिनक्स दिली. व्हायरसाचा त्रास नाही, परवान्याचा खर्च नाही, जुन्या यंत्रावरही चालते, असे लिनक्सचे गुण. आणि ते खरे होते. केरळातील शासकीय शाळांनी लिनक्सवरच आपले संगणकशिक्षण उभे करून दाखविले.

तरीही आमच्या भागात लिनक्स घातलेली बहुतेक यंत्रे काही काळाने विंडोजकडे परतली. याचे कारण लिनक्सच्या दोषांत शोधणारे भेटतात. मला ते आपल्या व्यवहाराच्या घडणीत दिसते. छापखान्याचा श्रीलिपीवाचून निभाव लागत नसे. आडतदाराचा हिशेब टॅलीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि निविदांची संकेतस्थळे इंटरनेट एक्सप्लोरर धरून बांधलेली. ज्याच्या घरात लिहिणारा, हिशेब ठेवणारा आणि सरकारदरबारी कागद धाडणारा असे तिघेही एका विशिष्ट प्रणालीशी बांधलेले, त्याने दुसरी प्रणाली कितीही प्रेमाने आत आणली तरी तिला अखेर निरोप द्यावा लागे. केरळात शासनाने प्रथम शाळेचे पुस्तक, परीक्षा आणि शिक्षक यांची तयारी केली आणि मग प्रणाली बदलली. आपल्याकडे प्रणाली बदलण्याचे धाडस एकट्यादुकट्या मुलावर सोपविले गेले. म्हणून परत फिरण्याची ही कला आपल्याकडे इतकी भरभराटली.

दरम्यान लॅपटॉपांचा प्रसार झाला आणि मूळ प्रणालीचे दफ्तर कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. कंपन्यांनी सीडी देणे बंद केले आणि डिस्कवरच एक लपविलेला भाग राखून त्यात मूळ प्रतीची नक्कल ठेवली. एचपीच्या यंत्रावर एफ-११, एसरच्या यंत्रावर आल्ट व एफ-१०, आसूसवर एफ-९ ही कळ आरंभी दाबली, किंवा लेनोव्होच्या बाजूची बारीक कळ टोचली, की यंत्र पेटीतून काढले तेव्हा होते तसे पुन्हा होई. योजना उत्तम, परंतु लिनक्स बसविताना ‘संपूर्ण डिस्क वापरा’ या पर्यायावर बोट पडले की तो लपलेला भागही इतरांबरोबर पुसला जाई, आणि दफ्तरखानाच जळून गेल्यावर वहिवाट सिद्ध कशी करावी, तशी त्या धन्याची गत होई. कंपनी आरंभीच सुचवीत असे की या भागाच्या सीडी करून ठेवा; त्या करून ठेवणारे घर शंभरात एखादे आढळले तरी पुष्कळ. यंत्राच्या तळाशी पंचवीस अक्षरांची किल्ली छापलेली एक चिठ्ठी चिकटविलेली असे, तीच काय ती मालकीची सनद. आणि मांडीवर ठेवून काम करणाऱ्याच्या घामाने व घर्षणाने चार वर्षांत तिची अक्षरे पुसट होत. शहाणे कारागीर यंत्र प्रथम हाती आले की ती किल्ली वहीत उतरून घेत.

२०१२ साली विंडोजची आठवी आवृत्ती आली आणि त्याबरोबर नवी व्यवस्था सार्वत्रिक झाली. ५१२ बाइटांच्या खंडाऐवजी डिस्कवर एक स्वतंत्र छोटा भाग, त्यात प्रत्येक प्रणालीची निराळी फडताळे, आणि कोणास आधी बोलवावे याची यादी मुख्य फलकावरील चिपमध्ये. किल्लीही चिठ्ठीवरून उठून त्याच चिपमध्ये गेली. त्यामुळे मूळ विंडोज परत बसविताना ती स्वतःच आपली किल्ली वाचून घेते. एका दृष्टीने ही मोठी सुधारणा झाली: डिस्क जळाली तरी सनद शिल्लक राहते. मात्र ती आता धन्याच्या डोळ्यांस दिसत नाही. शिवाय अलीकडच्या यंत्रांत डिस्कवरील मजकूर सांकेतिक करून ठेवलेला असतो, आणि आरंभाच्या व्यवस्थेत हात घातला की यंत्र ४८ अंकी पुनःप्राप्तीची किल्ली मागते. ती बहुधा ज्या खात्यावर नोंदलेली असते ते खाते दुकानदाराने विक्रीच्या दिवशी घाईघाईने उघडून दिलेले असते, आणि त्याचा परवलीचा शब्द कोणालाच आठवत नाही. खेड्यातील मनुष्याच्या दृष्टीने ही जप्तीच होय, आणि कंपन्यांनी तिचा गंभीरपणे विचार केला पाहिजे.

मूळ प्रणाली कोणती, हाही प्रश्न आपल्या बाजारात दिसतो तितका सरळ नाही. किंमत उतरावी म्हणून अनेक लॅपटॉप फ्रीडॉस किंवा उबुंटू घालून विकले गेले. दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच त्यावर विंडोजची नक्कल चढे. अशा यंत्राचा धनी वर्षभराने येऊन ‘ओरिजिनल परत टाकून द्या’ म्हणे तेव्हा त्याच्या मनात विंडोज असे, आणि कंपनीच्या दफ्तरी फ्रीडॉस. जिम हॉलने १९९४ मध्ये आरंभलेली ही फ्रीडॉस अत्यंत प्रामाणिक कृती आहे. परंतु तिच्या काळ्या पडद्यापुढे बसून खर्ड्याच्या मुलाने काय करावे, याचे उत्तर विकणाऱ्याने कधी दिले नाही.

या सर्व इतिहासात मला सर्वांत आदरणीय वाटते ती एक व्यवस्था, आणि ती आपल्याच महाराष्ट्रातील एका लहानशा शाळेत येऊन गेली. निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या प्रकल्पास भारत सरकारच्या शिक्षणखात्याने २००६ मध्ये नकार दिला. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या गावच्या शाळेत त्याचा भारतातील पहिला प्रयोग झाला. एक्सओ नावाचे ते हिरवे-पांढरे यंत्र लहान मुलांच्या हातांसाठी घडविलेले, उन्हातही वाचता येईल असा पडदा असलेले. २५६ मेगाबाइट स्मृती आणि साठवणीस एक गिगाबाइट, एवढाच त्याचा संसार. त्यावर फेडोरा लिनक्सच्या आधाराने शुगर नावाचा, मुलांसाठी स्वतंत्र रचलेला पडदा चाले. येथे परत फिरण्याची सोय आरंभापासून विचारात घेतलेली होती. नवी आवृत्ती घेतली तरी जुनी आवृत्ती त्याच यंत्रात राखून ठेवली जाई. पडद्याच्या शेजारी खेळासाठी दिलेल्या चार कळांपैकी वर्तुळाची कळ दाबून यंत्र सुरू केले की ते पूर्वीच्या आवृत्तीत उघडे. आणि सर्वच बिघडले, तर मूळ प्रतीचा पेनड्राइव्ह लावून चारही कळा एकदम दाबावयाच्या, म्हणजे सगळी प्रणाली नव्याने लिहिली जाई. मुलाचे स्वतःचे लेखन मात्र या दुसऱ्या मार्गात पुसले जाई. म्हणून ते आधी अन्यत्र काढून ठेवावे लागे.

त्या यंत्रावर परकी प्रणाली घालण्यास एक विशेष परवाना-किल्ली लागे, आणि ती यंत्राचा अनुक्रमांक कळवून प्रकल्पाकडून मागवावी लागे. चोरीस गेलेली यंत्रे बाजारात विकली जाऊ नयेत, हा त्यातील उद्देश. २००८ मध्ये त्याच यंत्रासाठी विंडोज एक्सपीही तयार झाली, आणि प्रकल्पाच्या अनुयायांत त्यावरून मोठा वाद माजला. निग्रोपाँटे यांच्या योजनेतील पुष्कळ गोष्टी फसल्या. शंभर डॉलरांची म्हणून घोषित केलेली किंमत प्रत्यक्षात त्याच्या जवळजवळ दुप्पट झाली. परंतु चौथीतील मुलाच्या बोटांनाही जुन्या व्यवस्थेकडे परत जाता यावे, हा विचार यंत्राच्या घडणीतच घालणारे ते लोक होते, आणि या एका कारणासाठी मी त्यांस थोर मानतो.

आता हा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप व तुलनेने नवे प्रोसेसर लागत असल्याने शाळांतील, ग्रामपंचायतींतील आणि घराघरांतील असंख्य धडधाकट यंत्रे तिच्या लायक ठरत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स घालावी असे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. युनिकोडमुळे मराठी आता कोणत्याही प्रणालीवर सारखीच उमटते, आणि पूर्वीच्या अनेक अडचणी ब्राउझरमधील कामकाजाने दूर केल्या आहेत. ज्याने हे करावयाचे ठरविले असेल त्याने डिस्कला हात लावण्यापूर्वी यंत्राची किल्ली व ४८ अंकी आकडा कागदावर उतरून घ्यावा, विंडोजच्या पुनःस्थापनेचा पेनड्राइव्ह तयार करावा, आणि संपूर्ण डिस्कची नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढावी. यापेक्षाही सोपा आणि निर्धास्त मार्ग जो पेठेतील अनुभवी कारागीर हल्ली सांगतात तो असा की, जुन्या हार्ड डिस्कवर काही पुसूच नये. तिच्या जागी नवी एसएसडी बसवून लिनक्स तीत घालावी, आणि जुनी डिस्क, वर यंत्राचे नाव व तारीख लिहून, धन्याच्या हवाली करावी. उद्या त्यास विंडोजकडे परतावेसे वाटले तर चार स्क्रू काढून ती पुन्हा आत बसविली की पुरे.